गोष्ट बोटांतून उतरते तेव्हा : कथाप्रधान ॲक्शन गेम्स

पारवा

घर निजलं की रात्री साडेदहानंतर माझे दीड-दोन तास सुरू होतात. गेली बारा वर्षं हा नेम फारसा चुकलेला नाही. ह्या वेळातला मोठा भाग मी गोष्ट सांगणाऱ्या ॲक्शन गेम्सना दिला. ऑनलाइन टोळीयुद्ध, क्रिकेट, गाड्यांच्या शर्यती ह्यांत कधी जीव रमला नाही. ह्या विषयावर मराठीत पोटभर बोलायला कुणी भेटत नाही, म्हणून धागा काढतोय. शेवट फोडल्याशिवाय मला बोलता येणार नाही. खाली नाव आलेला एखादा गेम खेळायचा बाकी असेल तर तेवढा परिच्छेद सोडून द्या.

'द लास्ट ऑफ अस'पासून सुरुवात करतो. नॉटी डॉग ह्या कंपनीने २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी काढलेला. कॉर्डिसेप्स बुरशीने माणसं पिसाळली आहेत, अमेरिका ओस पडली आहे, आणि जोएल नावाचा तस्कर १४ वर्षांच्या एलीला बॉस्टनहून पश्चिमेकडे पोचवतो आहे. मुलगी गमावलेला बाप आणि कुणी नसलेली पोर. कथानक एका ओळीत सांगितलं तर एवढंच.

ह्या गेममध्ये एक बारीकसं काम पुन्हा पुन्हा करावं लागतं. उंच भिंत आली की जोएल पाठ टेकून हातांची ओंजळ करतो. आपण कंट्रोलरवरचं त्रिकोणाचं बटण दाबायचं. एली धावत येते, ओंजळीत पाय देते, वर चढते आणि शिडी खाली सोडते. हे इतक्यांदा होतं की पुढे पुढे अंगठा आपसूक चालतो. मग हिवाळ्याचा भाग येतो. त्यात एलीच्या वाट्याला जे भयंकर येतं, ते आपण एली होऊनच खेळतो. त्यानंतर वसंत. सॉल्ट लेक सिटीतला बस डेपो. भिंत येते, जोएल नेहमीसारखा उभा राहतो, आपण त्रिकोण दाबतो, आणि एली येत नाही. वळून पाहावं तर ती बाकावर बसून राहिलेली. पुन्हा हाक मारल्यावर ती उठते, वर चढते, शिडी देता देता हातातून टाकते आणि पळत सुटते. तिला जिराफ दिसलेले असतात.

जिराफांच्या दृश्याचं कौतुक सगळेच करतात. मला त्याच्या आधीचा क्षण जास्त मोलाचा वाटतो. बटण दाबलं आणि कुणी आलं नाही. ही मुलगी आतून कुठे जाऊन बसलीय हे एकाही संवादाशिवाय माझ्या अंगठ्याला समजलं. कादंबरीला हे जमणार नाही आणि सिनेमालाही नाही, कारण तिथे वाचणाऱ्याच्या-बघणाऱ्याच्या हाताला कुणाची सवय लागलेली नसते.

माझं म्हणणं हेच आहे. ॲक्शन गेममधली गोष्ट बोटांतून उतरली पाहिजे. मारामारी एकीकडे, आणि मध्ये मध्ये दहा मिनिटांचा सिनेमा लावून दुसरीकडे गोष्ट, अशी वाटणी झाली की दोन्ही अर्धी राहतात. ह्याच गेमचा शेवट पाहा. बुरशीवर लस करायची तर एली मरणार. जोएल इस्पितळातून वाट काढत शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरतो. समोर डॉक्टर, हातात फक्त छोटी सुरी. नर्सना हात न लावता निघता येतं. पण डॉक्टरला मारल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. पहिल्यांदा मी तिथे कंट्रोलर हातात धरून नुसता उभा होतो. मला ते करायचं नव्हतं. शेवटी केलं. जोएलचा निर्णय चूक की बरोबर ह्यावर लोक आजही भांडतात, आणि ते भांडण इतकं पेटतं त्याचं कारण गोळी प्रत्येकाने स्वतः झाडलेली असते.

दुसरा माझा लाडका 'गॉड ऑफ वॉर', २०१८ चा. आधीच्या, ग्रीक पुराणांतल्या भागांतला नायक क्रॅटोस म्हणजे नुसता संताप. इथे तो नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या देवांच्या मुलखात आहे, बायको वारली आहे, आणि तिची राख सगळ्यांत उंच शिखरावरून उधळायची म्हणून मुलाला, अत्रेयसला, घेऊन निघाला आहे. कॅमेरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही कापलेला नाही. अत्रेयसच्या बाणासाठी चौकोनाचं बटण. सुरुवातीला हे बटण किरकोळ वाटतं. हळूहळू पोरगा तयार होतो आणि चौकोनाशिवाय लढाई होत नाही. मग मध्येच तो आजारी पडतो, त्याला फ्रेया नावाच्या जादूगारणीकडे ठेवून बापाला एकट्याला जावं लागतं. त्या तासाभरात मी कितीदा तरी चौकोन दाबला असेल. उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

ह्याच गेममधली होडी. वल्हवताना बाप मुलाला गोष्टी सांगतो, त्यातली एक चक्क ससा-कासवाची. दोन वाक्यांत उरकतो, कारण त्याला गोष्ट सांगता येत नाही, आणि पोरगा तसं तोंडावर सांगतो. पुढे मिमिरचं बोलकं डोकं सोबतीला येतं आणि खरं कथाकथन सुरू होतं. होडी किनाऱ्याला लावली की मिमिर गोष्ट अर्धी थांबवतो, आणि परत पाण्यात आलो की तिथूनच पुढे सांगू लागतो. माझे वडील एरवी ह्या खेळांकडे फिरकत नाहीत. ते एकदा मागे उभे राहून ऐकत होते. मी किनाऱ्यावर उतरून लढायला लागलो तर म्हणाले, "आधी होडीत बस, त्याची गोष्ट राहिलीय."

आता तक्रार. क्लिंट हॉकिंग ह्या डिझायनरने २००७ मध्ये 'बायोशॉक' ह्या गेमवर लिहिताना 'लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स' असा शब्द वापरला. म्हणजे गोष्ट एक सांगते आणि खेळ दुसरंच करायला लावतो. 'अनचार्टेड'चा नायक नेथन ड्रेक कटसीनमध्ये, म्हणजे मधल्या सिनेमाच्या तुकड्यांत, हसतमुख, मायाळू माणूस आहे, आणि खेळताना शेकडो माणसं मारतो. चौथ्या भागात तर हजार शत्रू मारले की 'लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स' ह्याच नावाची ट्रॉफी मिळते. दोष माहीत असून त्याची ट्रॉफी करणं मला पटलं नाही. दोष माहीत होता तर माणसं कमी करायची होती.

आणि गोळा करायला नकाशाभर पेरलेली ती पेट्या-पिसं! ऐंशी तासांच्या गेममध्ये पंधरा तासांची गोष्ट असते. बहिणीला सोडवायला निघालेला वीर वाटेत चाळीस पेट्या शोधतो, तेव्हा बहिणीची काळजी त्यालाही उरत नाही आणि मलाही.

एक नाव शेवटी. 'ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स', २०१३ चा, जेमतेम तीन तासांचा. ॲक्शन त्यात नावापुरती. पण माझं सगळं म्हणणं त्या एका गेममध्ये आहे. त्यात पाण्यापाशी काय होतं ते मी सांगणार नाही, आणि ज्यांनी खेळलाय त्यांनीही इथे सांगू नये ही विनंती.

घाटवाट

धागा आवडला, पण मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे.

'लास्ट ऑफ अस'मध्ये डॉक्टरला मारावंच लागतं हे तुम्ही गुण म्हणून सांगताय. मला तो दोष वाटतो. लेखकाने आधीच ठरवलंय आणि माझ्याकडून फक्त घोडा ओढून घेतलाय. माझ्या हाताला काही म्हणायचं असेल तर गेमने ते ऐकलं पाहिजे.

'विचर ३' घ्या. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा, २०१५ चा. वेलेनच्या दलदलीतला ब्लडी बॅरन नावाचा सरदार दारुडा आहे, बायकोला मारणारा आहे, आणि बायको-मुलगी घर सोडून गेल्यावर मोडून पडलेलाही आहे. झाडात कोंडलेल्या एका आत्म्याला सोडायचं की मारायचं, हे आपण ठरवतो. त्या क्षणी कळत नाही, पण सोडलं तर अनाथ पोरं वाचतात, बॅरनची बायको मरते आणि तो गळफास घेतो. मारलं तर पोरं जातात, बायको वेडी होऊन का होईना जगते आणि तो तिला बरं करायला घेऊन जातो. कुठलंच उत्तर बरोबर नाही. मी दोनदा खेळलो. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ऑफिसात तेच डोक्यात घोळत होतं.

तो भाग आठवतो का? पोटात गेलेल्या, धड न पुरलेल्या बाळाचं पिशाच्च झालंय, आणि बॅरन भर पावसात त्याला छातीशी धरून घराकडे चालतोय. ते चवताळलं की आपण मंत्राने शांत करायचं. बाप घाबरलाय, पण पोराला खाली टाकत नाही. वाईट माणसाबद्दल इतकी माया दुसऱ्या कुठल्या गेमने माझ्या मनात निर्माण केली नाही.

पारवा

घाटवाट, बॅरनचं अगदी मान्य. तो पावसातला भाग तर तुमच्यापेक्षा माझ्याच बाजूचा आहे, कारण तिथेही मंत्राचं बटण आपल्याच हातात असतं!

निवडीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. निवड मिळाली की मी 'मी' असतो. मी शहाणपणाने वागायला बघतो, आधी सेव्ह करून ठेवतो. निवड नसते तेव्हा मला दुसऱ्या कुणाच्या तरी कातडीत शिरावं लागतं. जोएलला दुसरं काही करताच येणार नव्हतं, आणि ते तसं असणं कसं असतं हे मला त्या खोलीत समजलं.

रानजाई

मी 'रेड डेड रिडेम्प्शन २'बद्दल लिहिते. रॉकस्टारचा, २०१८ चा. गेली काही वर्षं मी क्षयरुग्णांबरोबर काम करते आहे, त्यामुळे माझं ह्या गेमशी नातं जरा वेगळं आहे.

गोष्ट १८९९ ची. आर्थर मॉर्गन दरोडेखोरांच्या टोळीतला. टोळीतला स्ट्रॉस सावकारी करतो आणि वसुलीला आर्थरला धाडतो. व्हॅलेंटाइन गावाजवळ थॉमस डाउन्स नावाचा खंगलेला शेतकरी आहे. त्याला मारहाण आपण करतो, बटणं दाबून. तो खोकतो आणि रक्ताचे शिंतोडे आर्थरच्या तोंडावर उडतात. मी तिथेच गेम थांबवला होता. नवऱ्याला म्हटलं, "हा आता मरणार." त्याला वाटलं मी डाउन्सबद्दल बोलतेय.

पुढे कित्येक तास काही होत नाही. आपण शिकार करतो, मासे पकडतो, ट्रेन लुटतो. मग खोकला सुरू होतो. सेंट डेनिसच्या रस्त्यात आर्थर कोसळतो आणि डॉक्टर सांगतो : क्षय. कुठेतरी उबदार, कोरड्या हवेत जा, विश्रांती घे. रॉबर्ट कॉखने जंतू शोधला १८८२ मध्ये. स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४३ उजाडलं. म्हणजे आर्थरच्या काळात आजाराचं कारण माहीत होतं आणि औषध नव्हतं. कोरडी हवा एवढाच सल्ला. आमच्याकडेही मागच्या पिढ्यांनी तेच केलं, मिरजेजवळ वानलेसवाडीचं सॅनेटोरियम त्यासाठीच होतं. माझ्या आजीचे थोरले दीर तिथे राहून आले होते. आजी त्यांचं ताट वेगळं ठेवायची, हे सांगताना म्हातारपणीही तिचा आवाज उतरायचा.

आर्थरचा चेहरा हळूहळू ओढला जातो, डोळे लाल होतात. मी पेशंटमध्ये जे बघते ते सगळं त्यात आहे. आणि मुद्दा पारवा म्हणतात तोच. आजार त्याला योगायोगाने झालेला नाही. तो मी आणला. त्या मारहाणीत कुणी मला निवड दिली नव्हती. पुढे डाउन्सच्या विधवेला मदत करण्याची संधी मिळते, तेव्हा मी बाकी सगळं सोडून आधी तिकडे घोडा वळवला.

घोड्याचंही लिहायचं होतं, पण शेवटच्या घोडदौडीबद्दल आजही लिहवत नाही.

एक दोष मात्र सांगते. एवढं मोठं, जिवंत जग बांधलंय, आणि मिशनमध्ये चार पावलं बाजूला गेलं की मिशन फेल. बाहेर मोकळा माळ आणि गोष्टीत शिरलं की दावणीला बांधलेलं जनावर, असं होतं.

सुईदोरा

मी हे सगळं आज पहिल्यांदा वाचतेय. वय ६६, शाळेतून निवृत्त झाले. नातू सुट्टीला आलाय आणि त्याचं ते प्लेस्टेशन इथे हॉलमध्ये लावलंय. दिवसभर ढिशूम ढिशूम ऐकून मी वैतागले होते. वानलेसवाडीचं वाचलं आणि थबकले. ह्या खेळांत असं काही असतं ह्याची मला कल्पना नव्हती.

दोन प्रश्न. एक, नातू १३ वर्षांचा आहे, तर ह्यांतलं त्याला काय चालेल? दोन, मला स्वतःला एखादा खेळून बघता येईल का? इंग्रजी भराभर बोललेलं कळत नाही. हात मात्र चांगले चालतात, रोज विणकाम असतं.

पारवा

सुईदोराताई, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं.

नातवाला 'लास्ट ऑफ अस', 'गॉड ऑफ वॉर', 'रेड डेड' इतक्यात नको. ह्या तिन्हींवर १७ किंवा १८ वर्षांपुढच्यांसाठी अशी खूण आहे आणि ती योग्य आहे. चित्रातली हिंसा एक वेळ सोडा, पण वर आम्ही ज्याबद्दल बोलतोय ते वजन त्या वयात पेलवत नाही.

तुम्ही दोघं मिळून 'ब्रदर्स' खेळा. आजारी वडिलांसाठी औषधी पाणी आणायला निघालेले दोन भाऊ. डाव्या हाताची काडी आणि बटण थोरल्याचं, उजव्या हाताचं धाकट्याचं. दोघांना एकाच वेळी चालवायचं. भाषेची तर काळजीच नको. पात्रं जी भाषा बोलतात ती बनवलेली आहे, जगात कुणालाच कळत नाही, आणि खाली ओळीही येत नाहीत. काही प्रसंग उदास आणि भीतिदायक आहेत, म्हणून शेजारी बसा. कंट्रोलर तुमच्या हातात घ्या. इथे येऊन नक्की सांगा.

चिंचेचं_झाड

डब्लिनहून लिहितेय. 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी'चं नाव अजून कसं आलं नाही? २०१७ चा. क्लोई फ्रेझर आणि नेडीन रॉस, दोन बायका, आणि जागा चक्क आपला पश्चिम घाट. होयसळांचा खजिना आणि त्यात गणपतीचा तुटलेला दात शोधायचाय.

पावसानंतरचा घाट परदेशात बसून पडद्यावर बघताना मी जीप थांबवून थांबवून चालवली. ओला कातळ, लाल माती, धबधबे. खरी होयसळ मंदिरं अशी नाहीत हे मला माहीत आहे. बेलूर-हळेबीडला आम्ही शाळेच्या सहलीत गेलो होतो. ती बसकी, ताऱ्याच्या आकाराच्या जोत्यावरची, मऊ दगडात नखाएवढं कोरीवकाम केलेली. २०२३ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. गेममध्ये डोंगराएवढे पुतळे उभे केलेत. ते मला खटकलं. होयसळांची सगळी कमाल बारकाईत आहे, आणि गेमला फक्त आकार दिसला.

पण एकदंताची गोष्ट मात्र नीट वापरलीय. परशुराम शंकराला भेटायला येतो, गणपती दारात अडवतो, परशुराम परशू फेकतो. तो परशू वडिलांनीच दिलेला, त्यांच्या शस्त्राचा वार फुकट जाऊ नये म्हणून गणपती तो दातावर झेलतो. क्लोईचे वडील हाच दात शोधता शोधता गेले आणि ती त्यांच्यावर अजून रागावलेली आहे. बापाच्या शस्त्राचा घाव मान राखून झेलणारा मुलगा आणि बापाच्या वेडाचा घाव बाळगणारी मुलगी. मी आईला व्हिडिओ कॉलवर हा भाग दाखवला. तिने ती गोष्ट तिच्या पद्धतीने पुन्हा सांगितली, क्लोईने सांगितली त्याच्यापेक्षा मोठी आणि रंगवून. गेम चालू ठेवून मी आईचीच ऐकली.

अंधारकोठडी

मी जळगावचा, सायबर कॅफेतला खेळाडू. तासाला २० रुपये. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' २००३ ला आला, आमच्या कॅफेत पोचायला आणखी वर्ष गेलं. लोडशेडिंगचे दिवस. गेममधल्या वाळूच्या उजेडाच्या जागी पोचून सेव्ह केलं आणि मग लाइट गेली तर हायसं वाटायचं. त्याआधी गेली तर पाऊण तास पाण्यात.

गोष्ट सुरू होते हिंदुस्थानात. राजपुत्र बापाबरोबर एका महाराजाचा किल्ला लुटायला येतो आणि काळाचा खंजीर उचलतो. महाराजाची मुलगी फराह कैदेत पडते, पुढे तीच त्याची साथीदार होते. आमच्यासारख्यांना नायक पर्शियाचा असूनही जीव फराहवर होता.

सगळी गोष्ट राजपुत्र स्वतः कुणाला तरी सांगतोय. आपण कड्यावरून पडून मेलो की त्याचा आवाज येतो : नाही नाही, असं नव्हतं झालं. म्हणजे आपलं मरण ही सांगणाऱ्याची चूक! आणि खंजिराने वेळ मागे फिरवायची. दुसऱ्या गेममध्ये मेलं की नुसतं पुन्हा सुरू. इथे मरणसुद्धा गोष्टीतच बसवलेलं. अगदी शेवटी कळतं की तो फराहलाच सांगत होता, हल्ल्याच्या आदल्या रात्री. वेळ मागे फिरलीय, तिला काहीच आठवत नाही, त्याला सगळं आठवतंय. मी १६ वर्षांचा होतो. कॅफेवाला काका वेळ संपली म्हणून मागे येऊन उभा राहिला, स्क्रीन बघून काही न बोलता परत गेला.

पुण्यात तयार झालेला 'राजी'ही इथे हवा. नोडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. २०१७ ला लोकवर्गणीचा प्रयत्न फसला तरी त्यांनी तो पुरा केला. सर्कशीतली राजी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला शोधते, आणि दुर्गा आणि विष्णू वरून बघत तिची गोष्ट सांगतात. त्रिशूळ घेऊन खांबाभोवती गिरकी मारायची, भिंतीवर धावायचं. कसरतपटू पोरगी कसरतीनेच लढते, हे पारवांच्या मुद्द्यात बसतं. शेवट फार तुटक वाटला. पण राजवाड्याच्या दगडी जाळ्या आणि कमळांचे हौद बघताना पहिल्यांदा वाटलं की हे घर ओळखीचं आहे.

घाटवाट

'लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाबद्दल कुणीच का बोलत नाही? २०२० ला पहिल्या दिवशी घेतला. दोन तासांत जोएलला गोल्फच्या दांड्याने मारलं आणि मग अर्धा गेम त्याच मारेकरणीला, ॲबीला, माझ्या हातात दिलं. एली लपलेल्या थिएटरमध्ये तर तिच्या हाताने एलीला झोडपायचं! माझा विश्वासघात झाला असं वाटलं. आजही वाटतं.

बिनआवाजी

घाटवाट, राग समजतो. मलाही आला होता. पण ॲबी त्या डॉक्टरची मुलगी. पारवा ज्या खोलीत कंट्रोलर धरून उभे होते, त्याच खोलीतला माणूस तिचा बाप. मागच्या गेममध्ये आपण त्याचं नावही विचारलं नव्हतं. ज्या हातांनी बाप मारला त्याच हातांना मुलगी चालवायला दिली, ह्यात मला न्याय दिसतो. लांबी जास्त आहे हे कबूल. सिएटलचे तीन दिवस दोनदा जगायला लावतात, दुसऱ्या वेळी मी दमलो होतो.

गिटारचं मात्र सांगितलंच पाहिजे. जोएलने एलीला गिटार शिकवलेली. सिएटलमधल्या पडक्या दुकानात तिला एक सापडते आणि कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट फिरवून आपण ती खरंच छेडतो. शेवटच्या झटापटीत तिच्या डाव्या हाताची दोन बोटं जातात. घरी परत येते, घर रिकामं, गिटार भिंतीला टेकलेली. आपण पुन्हा तेच बोट टचपॅडवर फिरवतो आणि सूर लागत नाहीत. सुडाची किंमत अशी मोजून दाखवलीय.

मला ऐकू कमी येतं. ह्या गेममध्ये अपंगत्वाचा विचार करून साठाहून जास्त सोयी दिल्या आहेत. शत्रू कुठून येतोय त्याच्या खुणा, बोलणाऱ्याचं नाव आणि दिशा दाखवणाऱ्या ओळी. अजिबात न दिसणाऱ्यांनीसुद्धा तो पूर्ण केलाय. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता, मागे न फिरता, मी एक गोष्ट पूर्ण ऐकली.

घाटवाट

गिटारचा भाग मी खेळलोच नाही. थिएटरनंतर बंद केला होता. सेव्ह अजून आहे. शनिवारी लावतो.

सुईदोरा

पारवा, 'ब्रदर्स' आज सकाळी संपला. तीन तासांचा म्हणालात, मला पाच दिवस लागले.

पहिल्या दिवशी दोघं भाऊ एकमेकांवर आपटत होते. एकाला चालवलं की दुसरा उभा. दोन सुयांवर विणायला शिकताना मुलींचं असंच होतं, बघायचं कुठल्या सुईकडे तेच कळत नाही. तिसऱ्या दिवशी हातांनी आपापलं वाटून घेतलं. मग मी बटणांकडे बघणं सोडलं. भाषेचं तुम्ही म्हणालात तसंच झालं, नातवाला आणि मला सारखंच समजत होतं.

थोरला गेला. त्याला ओढत खड्ड्यापर्यंत न्यायचं आणि माती लोटायची, तेही मलाच करायला लावलं. नातू म्हणाला, "आजी, मी करू का?" मी नको म्हटलं. त्यानंतर डाव्या हाताला काहीच काम उरलं नाही. मी तो मांडीवर ठेवून दिला आणि एका हाताने खेळू लागले. इतकं चुकल्यासारखं वाटत होतं.

मग ते पाणी आलं. धाकट्याला पोहता येत नाही, आधी प्रत्येक वेळी तो थोरल्याच्या पाठीला धरून पार झाला होता. मी त्याला पाण्याशी नेलं, तो पुढे जाईना. उजवीकडचं बटण दाबून पाहिलं, दुसरी वाट शोधली, परत आले. नातवाला ठाऊक होतं. तोंडावर हात धरून बसला होता, पण बोलला नाही. दहा मिनिटं तरी गेली असतील. मग डावा हात मांडीवरून उचलला आणि थोरल्याचं बटण दाबलं.

पोर पाण्यात शिरलं आणि हात मारू लागलं.

पलीकडे पोचेपर्यंत मी बटण सोडलं नाही. चहा टाकायला उठले तेव्हा लक्षात आलं, कंट्रोलर डाव्या हातात तसाच घट्ट धरलेला होता.

आता तो ससा-कासवाची गोष्ट नीट न सांगता येणारा बाप मला बघायचाय. नातू परवा गावी गेला की लावेन. मशीन इथेच ठेवून जा म्हणून त्याला सांगितलंय.